सुटणारी शिवण

ताईच्या हातची शिवण उसवली, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं ती घरी बसून गणवेश शिवत होती. दोन दवाखान्यांतल्या नर्सचे, एका शाळेचे, पलीकडच्या बेकरीतल्या कामगारांचे. मुलं वाढायची, पँटी आखूड व्हायच्या, गुडघे झिजायचे, कापड पार विरून जायचं, पण शिवण जागची हलायची नाही. बेकरीचा मुकादम म्हणायचा, "ताई, तुमचा ॲप्रन फडकं म्हणून वापरायचा तरी पंचाईत. हाताने फाटतच नाही हो. दर वेळी कात्री शोधावी लागते." हे ऐकून ती दिवसभर खुशीत असायची.

सगळा मजला तिला ताई म्हणायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत ती आणि तिचा नवरा. नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता, आता निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, आता फुकट काढतो, असं तो स्वतःच सांगायचा. मूलबाळ नव्हतं. पण ताई हे नाव तिला पडलं ते एकाच माणसामुळे, तिच्या पाठच्या बहिणीमुळे.

धाकटी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर, त्यामुळे धाकटी वाढली ती ताईच्या मांडीवर, आणि तेही अक्षरशः. पायमशीनवर ताई बसायची, धाकटी तिच्या मांडीत. खाली ताईचे पाय चालायचे आणि वर धाकटीचे इवलेसे हात कापड धरायचे. पुढे धाकटीचा हात चित्रकलेत चांगला आहे असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा ताईने कामं दुप्पट घेतली आणि तिला त्या शिक्षणाला घातलं. धाकटीने नाव काढलं. टीव्हीच्या मालिकांमध्ये कपडेपट सांभाळता सांभाळता ती वेशभूषाकार झाली, मॅडम झाली, मोठं घर घेतलं, आईला आपल्याकडे घेऊन गेली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला धाकटीचे फोटो दाखवायची. ताईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तीही दाखवायचीच की.

एके दिवशी सकाळीच धाकटी तीन जिने चढून धापा टाकत आली.

"ताई, मशीन बंद कर. मला कोट पाहिजे. आणि तो तूच शिवू शकतेस."

"कुणासाठी?"

"शास्त्रज्ञासाठी. फरारी आहे."

मागच्या खोलीतून नवरा ओरडला, "माप घ्यायला कुठे जायचं, तुरुंगात?"

"भावजी, चेष्टा नका करू. टीव्हीवरची फिल्म आहे, दोन तासांची. आजवर केलं त्यातलं सगळ्यात मोठं काम आहे माझं."

मग तिने जमिनीवर बैठक मारून गोष्ट सांगितली. एक शास्त्रज्ञ असतो. हाडांच्या आजारावर औषध शोधतो आणि घाईघाईत स्वतःवरच करून बघतो. होतं भलतंच. त्याचं वजनच नाहीसं होतं. जीव घाबरला, नाडी शंभराच्या वर गेली, की पाय जमिनीवरून सुटतात आणि तो वर जाऊ लागतो. सरकारला तो हवा असतो, त्याच्याच प्रयोगशाळेच्या मालकाला हवा असतो, म्हणून तो पळत सुटतो. गावोगाव नावं बदलून राहतो, कुठे भांडी घासतो, कुठे ग्रंथालयात पुस्तकं लावतो, आणि रात्रंदिवस एकच गोष्ट शोधतो, उतारा. पुन्हा जमिनीवर चालता यावं एवढीच त्याची इच्छा. तोवर जमिनीवर राहायचं कसं? तर अंगात जड कोट घालून. कोटात शिशाच्या गोळ्या शिवलेल्या. आणि कुणी आगीत अडकलं, पुरात सापडलं, की हा कोटाची कड धरून खस्सकन ओढतो, कप्पे फटाफट उसवतात, गोळ्या घरंगळतात आणि हा पक्ष्यासारखा वर.

"म्हणजे मला उसवणारा कोट शिवायचाय," ताई म्हणाली.

"एका झटक्यात उसवणारा. आणि एक नाही, बारा कोट."

ताईने तोंड वाकडं केलं. उसवणारी शिवण घालायची म्हणजे तिच्या हाताला शिव्या देण्यासारखंच. पण मांडीवर वाढलेली पोर समोर बसली होती. ताई हो म्हणाली.

स्टुडिओ म्हणजे एक जुनं शीतगृह होतं. भिंती हातभर जाड, आत सदा गारवा, आणि एका कोपऱ्यात पत्र्याची खोली, तोच कपडेपट. ताईने तीन दिवस नुसते दोरे ओढून पाहिले. साधा कच्चा दोराही तिच्या टाक्यात पक्का बसायचा. शेवटी तिने बारीक सुती दोरा ब्लीचच्या पाण्यात रात्रभर भिजवला, वाळवला, काळा रंगवला. आता कड ओढली की कप्प्यामागून कप्पा फर्र करत सुटायचा. दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला, "पुन्हा!" पुन्हा ओढलं. "पुन्हा!" त्या दिवशी तीन कोट असेच उसवले आणि रंगवलेल्या लाकडी गोळ्या सगळ्यांनी रांगत रांगत गोळा केल्या. तिथली माणसं ह्या कामाला 'कोटवाला पिक्चर' म्हणू लागली. हा दोरा चुकून कुठे वापरला जाऊ नये म्हणून ताईने त्याच्या रिळावर लाल कागद चिकटवला.

दुसरं काम उलट्या टोकाचं होतं. हवेत जायचं ते तारांवर, आणि तारा अडकवायच्या त्या कपड्यांच्या आत घातलेल्या पट्ट्यांच्या साजाला. सगळे त्याला हार्नेस म्हणत. हार्नेस विकतचाच होता, पण कोटाच्या आत बसत नव्हता, म्हणून खांद्याचे पट्टे ताईने नव्याने जोडले. जाड नायलॉनचा दोरा, चार ओळी, त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली. एकेका जोडाला तिने अर्धा दिवस घातला.

हवेत नायक जायचा नाही. त्याच्या जागी पतंग जायचा. पतंग म्हणजे चाळिशीचा एक सडसडीत माणूस, अर्धं आयुष्य तारेवर लटकण्यात गेलेलं, म्हणून त्याला हे नाव. त्याचं खरं नाव हजेरीपटावर सोडलं तर कुठेच नव्हतं. पहिल्या दिवशी हार्नेस घालायच्या आधी त्याने तो उलटा करून ताईचा जोड अंगठ्याने दाबून पाहिला.

"कुणी शिवलंय?"

"मी. का रे?"

"काही नाही. आज पोटभर जेवतो मग."

ताईला हा माणूस तिथेच आवडला. दोघं डबा एकत्र खाऊ लागले. त्याला दोन मुली होत्या, थोरली बारावीत. वर गेल्यावर भीती वाटत नाही का, असं ताईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वर गेल्यावर नाही वाटत ताई. खाली कोण उभं आहे ते आधी बघून घ्यायचं, मग नाही वाटत."

महिनाभर सगळं झकास चाललं. घोळ झाला तो पांढऱ्या शर्टामुळे. शेवटच्या मोठ्या प्रसंगात कोट उसवल्यावर शास्त्रज्ञ नुसत्या पातळ पांढऱ्या शर्टात वर जातो, असं होतं. तालमीच्या वेळी दिग्दर्शकाला पडद्यावर डाव्या खांद्यावर उंचवटा दिसला.

"हा उंट आहे की शास्त्रज्ञ?" तो ओरडला. "हे काढा."

धाकटी पट्टा घेऊन ताईकडे आली. "ताई, हा जोड पातळ कर ना. अर्धं कापड कापून टाक, दोनच ओळी घाल."

"नाही जमणार."

"अगं, एका प्रसंगापुरतं."

"तिथे माणूस लटकणार आहे, कपडे वाळत नाही घालायचेत. जोड पाठीवर खाली घेते, म्हणजे दिसणार नाही. पण दोन दिवस दे."

"चित्रीकरण उद्या आहे."

"मग उद्या उंट दिसू दे."

धाकटीने पट्टा टेबलावर टाकला आणि म्हणाली, "बरं, राहू दे. बघते मी दिग्दर्शकाशी बोलून." तिथे तो विषय संपला असं ताईला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर जाणार नव्हती. नवऱ्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. निघताना तिने पतंगाला शोधलं, पण तो केव्हाच घरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या डोळ्याला पट्टी बांधून त्याला बाहेर आणलं, तोच फोन आला. कपडेपटातली इस्त्रीवाली बाई होती, रडत होती. पतंग पडला. दोन मजल्यांइतक्या उंचीवरून, खालची गादी कॅमेऱ्यासाठी बाजूला सरकवलेली असताना. डाव्या खांद्याचा पट्टा सुटला, तो एका बाजूला कलंडला आणि दुसरा पट्टा त्या झटक्याने निसटला. मांडीचं हाड मोडलं होतं आणि टाचेचा चुराडा झाला होता.

"कुठला जोड सुटला?" तिने दोनदा विचारलं. "माझा?"

"तुमचाच म्हणतायत ताई," बाई म्हणाली.

पुढचे चार दिवस ताईने अन्नाला शिवून न शिवल्यासारखं केलं. मनात ती तो जोड पुन्हा पुन्हा शिवत होती. चार ओळी, चौकोन, फुली. कुठे चुकलं? नायलॉनला कुठे चीर होती का? सुई बोथट होती का? धाकटीला फोन केला की ती म्हणायची, "ताई, तू आता काही बोलू नकोस. मी बघते." आणि ताईला वाटायचं, पोर आपल्याला सांभाळतेय.

पाचव्या दिवशी कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याने तिला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि एक कागद समोर सरकवला.

"हे तुमच्या बहिणीचं निवेदन. वाचून सही करा, म्हणजे प्रकरण मिटेल. पोलिसात वगैरे काही जाणार नाही."

ताईने चष्मा लावला. अक्षर धाकटीचं, वळणदार. लिहिलं होतं की हार्नेसचे सगळे जोड माझ्या थोरल्या बहिणीने शिवले. वयोमानाने तिची नजर कमी झाली आहे. घरातल्या आजारपणामुळे तिचं लक्षही लागत नव्हतं. हे माहीत असूनही नात्यापोटी मी तिला काम दिलं आणि तिच्यावर विश्वास टाकला, ही माझी चूक आहे आणि ती मला मान्य आहे.

ताईने ते पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीपाशी तिची नजर अडकली. चूक मान्य करतानासुद्धा धाकटीने ती केवढी सुबक करून ताईच्या अंगावर घातली होती.

"पट्टा बघू," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने पिशवीतून पट्टा काढला. ताईने तो खिडकीशी नेला. चौकोन नव्हता. फुली नव्हती. दोन ओळी होत्या, आणि त्याही काळ्या सुती दोऱ्याच्या, ब्लीच खाल्लेल्या. कडेला तिच्या नायलॉनचे उसवलेले बारीक केस अजून अडकलेले होते. आणि ओळीच्या शेवटी गाठ होती. मशीन उलटं चालवून टाका पक्का करण्याऐवजी दोन टोकं हाताने गाठ मारून सोडायची, ही धाकटीची लहानपणापासूनची खोड. त्यावरून ताईने तिला कितीदा टपली मारली होती.

"ही शिवण माझी नाही," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

"मला अर्धा तास द्या," ती म्हणाली आणि कागद तसाच ठेवून खाली उतरली.

धाकटी कपडेपटात एकटीच होती. ताईला पाहताच ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ताईला कळलं की आता विचारायचं असं काही उरलेलं नाही. तरी तिने विचारलं.

"लाल कागद दिसला नाही तुला?"

धाकटी मटकन खाली बसली. "मशीनवर तेच रीळ होतं ताई. आदल्या दिवशी कोट शिवलेस ना तू. कागद खालच्या बाजूला होता. तो दिग्दर्शक डोक्यावर उभा, पन्नास माणसं थांबलेली. दहा मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. घाई झाली, चूक झाली. ते जाऊन सांग."

"सांगितलं तर माझं सगळं संपेल. मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि माझं?"

धाकटीने नाक पुसलं. मग अगदी साधेपणाने, हिशेब समजावून सांगावा तसं, ती म्हणाली, "तुझं काय जाणार आहे ताई? तू घरी गणवेश शिवतेस. तुला कोण ओळखतं?"

खोलीत इस्त्रीची वाफ आणि ओल्या कापडाचा वास होता. ताईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण धाकटी तशीच तिच्याकडे पाहत होती, समजून घे ना, अशा नजरेने. लहानपणी कापड वाकडं गेलं की अशीच पाहायची.

"फिल्म लागू दे एकदा," धाकटी तिचे हात धरून म्हणाली. "एक महिना फक्त. मग मी स्वतः जाऊन खरं सांगते. आईची शपथ."

ताईने सही केली नाही. पण वर जाऊन खरंही सांगितलं नाही. अधिकाऱ्याला म्हणाली, तब्येत ठीक नाही, नंतर बोलू. त्याने सही नसलेला कागद फाइलला लावला. आणि ताईच्या मागे सगळ्या स्टुडिओत बोललं जाऊ लागलं की म्हातारीच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

घरी नवऱ्याने ऑपरेशननंतरचा काळा चष्मा सावरत सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखा विनोद केला नाही. "तू तिला मुदत दिलीस," तो म्हणाला, "पण पडलेल्या माणसाला विचारलंस का?"

"अहो, महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"त्याच्यासाठी महिना किती मोठा असतो, ते झोपून बघितल्याशिवाय कळत नाही."

दोन दिवसांनी आई आली. तीन जिने चढून, रिकाम्या हाताने, एकटी. तिला सगळं माहीत होतं, आणि हेच ताईच्या आधी लक्षात आलं नाही. ताई रडत रडत सांगू लागली, तर आई मध्येच म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. त्याच दिवशी सांगितलं तिने मला. म्हणूनच आलेय. तू सही करून टाक."

"आई, मी केलं नाही ते."

"नसेल केलंस. पण तू थोरली आहेस. आजवर सांभाळलंस ना तिला? मग आता एवढ्यासाठी कशाला मागे हटतेस? तुझ्या पाठी ना पोर ना बाळ. तिच्यावर सगळं घर उभं आहे."

ताईने मशीनवरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. आईसाठी चहा टाकायला ती आत गेली, पातेलं भरलं आणि गॅस पेटवायचं विसरून तिथेच उभी राहिली. धाकटीने केसाने गळा कापला होता. पण तो कापताना आई शेजारी बसून होती, हे आत्ता कळत होतं.

फिल्म रविवारी दुपारी लागली. शेजारपाजारचे आपण होऊन येऊन बसले. बेकरीचा मुकादम बिस्किटं घेऊन आला. फिल्म चांगली होती, नाही म्हणायला जागा नाही. शास्त्रज्ञ भांडी घासताना हळूच टेबलाचा पाय धरून ठेवतो, आपण वर जाऊ नये म्हणून, तिथे शेजारीण रडली. पहिला कोट उसवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा नवा चष्मा सावरत म्हणाला, "एवढा विद्वान, पण पळताना बटणं लावायचं काही सुचत नाही याला." शेवटी शास्त्रज्ञाला उतारा सापडतो, एकच कुपी, आणि तो ती एका आजारी मुलीला देऊन टाकतो आणि पुन्हा जड कोट घालून रस्त्याला लागतो. पतंगाचा पडण्याच्या आधीचा तुकडा त्यांनी ठेवला होता. पांढरा शर्ट, पसरलेले हात, सपाट डावा खांदा. ताईला तो पाहवेना. नावं सरसर वर गेली. धाकटीचं नाव मोठं, एकटं. ताईचं नव्हतं. पतंगाचंही नव्हतं.

फिल्मनंतर लगेच गप्पांचा कार्यक्रम होता. दिग्दर्शक, नायक आणि धाकटी. कोटाची कल्पना कशी सुचली, असं निवेदिकेने विचारलं. धाकटी हसून म्हणाली, "लहानपणापासून मला उसवणाऱ्या गोष्टींचं आकर्षण आहे." मग निवेदिकेने आवाज खाली आणून अपघाताचं विचारलं.

"घरचंच माणूस होतं," ती म्हणाली. "विश्वास टाकला. माया आंधळी असते. त्याची शिक्षा मी रोज भोगतेय."

मुकादमाने बिस्किटाचा हात मागे घेतला. कुणी ताईकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच तिला सगळ्यात जास्त लागलं. हळूहळू एकेक जण काहीबाही निमित्त काढून उठला.

ताईने आठ दिवस वाट पाहिली. फोन आला नाही. नवव्या दिवशी तिने केला. "ताई, आत्ता लगेच नको ना," धाकटी म्हणाली, "दुसऱ्या भागाचं बोलणं चाललंय." ताईने फोन ठेवला, चपला घातल्या आणि पतंगाच्या घरी गेली.

तो तळमजल्यावर एका खोलीत राहायचा. पाय उशांवर ठेवलेला, टाचेत लोखंडी सळया. बायको दारातच उभी राहिली, ये म्हणाली नाही. पतंगच आतून म्हणाला, "येऊ दे त्यांना."

ताई बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. पांढरा शर्ट, रीळ, गाठ, आईची शपथ. आणि मग म्हणाली, "मला पाचव्या दिवशीच कळलं होतं. दीड महिना मी गप्प बसले. हे माझ्याकडून झालंय, ते तुला सांगायला आलेय."

पतंगाने बायकोला दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुमची बहीण आली होती दवाखान्यात," तो म्हणाला. "फुलं घेऊन. म्हणाली, ताईला माफ करा, तिला आता दिसत नाही. रडली पण. मी तिचीच समजूत काढली." "त्या दिवशी मी जोड बघितला नाही ताई. रोज बघायचो. त्या दिवशी म्हटलं, ताईंचा आहे, काय बघायचं."

ताईला हे वाक्य सोसलं नाही. ती खाली बसली आणि पतंगाच्या बायकोने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती अधिकाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, फाइल बंद झाली. ती म्हणाली, उघडा. तो म्हणाला, बहिणीविरुद्ध पुरावा काय? तिने सोबत आणलेल्या पिशवीतून दोन पट्टे काढले, आणि त्यांच्याच कपडेपटातल्या मशीनवर त्यांच्यादेखत दोन जोड घातले, एक आपल्या रीतीने आणि एक लाल कागदाच्या रिळाने. मग शिपायाला आणि ड्रायव्हरला ओढायला सांगितलं. एक पट्टा पहिल्याच हिसक्याला फर्र झाला. दुसऱ्याला दोघं लोंबकळले. इस्त्रीवाली बाई पुढे येऊन म्हणाली, "त्या सकाळी मॅडमच मशीनवर बसल्या होत्या, मी बघितलंय. मला कुणी विचारलंच नाही." ताईने सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली.

त्यातून निघालं ते एवढंच. कंपनीने फाइलमधलं ताईचं नाव काढलं आणि त्या जागी 'कपडेपटाचा निष्काळजीपणा' असं घातलं. धाकटीचं नाव कुठेच आलं नाही. दुसऱ्या भागातून तिला वगळलं, पण वर्षाच्या आत तिला दुसरीकडे काम मिळालं आणि तिचं छान चाललं. टीव्हीवर जे बोलली ते तिने कधी मागे घेतलं नाही, त्यामुळे ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यासाठी ताई आंधळी ती आंधळीच राहिली. शाळेचं काम सुटलं. नर्सचं टिकलं. पतंगाचा पाय जमिनीला लागला, पण लंगडत. आता तो तरुण पोरांना तारेवरचं काम शिकवतो आणि त्यांचे हार्नेस तपासायला ताईकडे पाठवतो. पोरं जिन्यातूनच हाका मारत येतात. ती प्रत्येक जोड खिडकीशी नेऊन बघते, आणि आपण घातलेला जोडही पोरांना ओढून बघायला लावते.

दीड वर्षाने एका सकाळी आईचा फोन आला. आवाज एकदम मऊ होता.

"अगं, धाकटीने तुला माफ केलंय," आई म्हणाली. "स्वतः म्हणाली. मनात काही ठेवलं नाही म्हणे. रविवारी जेवायला या दोघं."

ताईच्या हातात नर्सच्या गणवेशाची बाही होती. तिने ती मांडीवर ठेवली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं नाही.

"तिला म्हणावं, मला माफी नको," ती म्हणाली. "एकदा पतंगाकडे जाऊन ये म्हणावं. तळमजल्यावरच राहतो. जिने नाहीत."

"झालं ते झालं. तो विषय आता कशाला काढतेस?"

"तो गेला की मी येते जेवायला."

"कोण गेला की?"

"विषय," ताई म्हणाली. "ती तिकडे जाऊन आली की जाईल तो."

आईने फोन ठेवला. आतून नवऱ्याने विचारलं, कोण होतं? ताई म्हणाली, आई होती, बरी आहे. धाकटी पतंगाकडे अजून गेलेली नाही. ताई दर महिन्याला आईला फोन करते, औषधं घेतलीस का विचारते, आणि आई हो म्हणते. त्यापलीकडे दोघींत आता फारसं बोलणं होत नाही.